पट्टा चारदा बसवला, तरी टायमिंग सरकतंय: जुन्या मारुती ८०० ची उलटतपासणी

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची गाडी यात बसते का ते लगेच कळेल. सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा दोनदा जास्त मारावा लागतो. चालू झाली की आयडलिंगला हलकी थरथर. सपाट रस्त्यावर तक्रार करावी असं काही नाही. पण खंबाटकी लागला की तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, आणि घाटमाथ्यावर पोचेपर्यंत तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकलेला. गॅरेजला नेली की मेस्त्री बॉनेट उघडतो, डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जरासा फिरवतो आणि गाडी लगेच खुलते. आपण खूश. दीड-दोन महिन्यांनी तीच गाडी, तोच घाट, तेच रडगाणं.

आमची ८०० आहे १९९४ ची. कार्बोरेटर, ठिणगीसाठी पॉईंट-कंडेन्सर, एफ-८-बी इंजिन: तीन सिलिंडर, ७९६ सीसी, हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. वडिलांनी नवी घेतली होती, अजून कराडला आमच्याच दारात उभी असते. गेल्या तीन वर्षांत तिचा टायमिंग पट्टा चार वेळा बसवला गेला. पहिले तीन वेळा तीन वेगळ्या गॅरेजात, चौथ्यांदा मी स्वतः, ओळखीच्या एका निवृत्त फिटरकाकांना शेजारी स्टुलावर बसवून. पहिल्या तिघांनी काय करून ठेवलं होतं ते चौथ्या वेळी सगळं उघडल्यावर समजलं. नावं घेण्यात अर्थ नाही. तिघांच्या चुका वेगवेगळ्या होत्या, आणि तिघांनीही त्या एकाच पद्धतीने झाकल्या होत्या.

टायमिंग एक नाही, दोन आहेत

गॅरेजात "टायमिंग" हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एक व्हॉल्व्ह टायमिंग. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, आणि त्या फेऱ्यात व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे हे पट्ट्याचे दात ठरवतात. पट्टा बसवताना ते लागलं तर लागलं. नंतर कुठलाही स्क्रू पिळून ते बदलत नाही. दुसरं इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते. हे डेल्को सैल करून हाताने पुढे-मागे करता येतं.

आता या इंजिनात डेल्कोला फिरवतो कोण? कॅमच. म्हणजे पट्टा एक दात मागे बसला की व्हॉल्व्ह उशिरा चालतात आणि त्यांच्याबरोबर ठिणगीही तितकीच उशिरा पडते. गाडी मेलेल्या बैलासारखी ओढते. मेस्त्री डेल्को फिरवून ठिणगी जागेवर आणतो. गाडीत जीव येतो. टायमिंग लाईट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून बघितलीत तरी खूण बरोबर दिसते. व्हॉल्व्ह मात्र होते तिथेच, उशिरा. ठिणगीच्या दुरुस्तीने व्हॉल्व्हची चूक नुसती पांघरूण घालून ठेवली जाते, आणि घाटात, ऐन उन्हात, ते पांघरूण निघतं.

हिशोब सोपा आहे. क्रँकच्या टायमिंग पुलीवर समजा २० दात आहेत (आकडा सोयीसाठी धरलाय, तुमच्या पुलीचे मोजून घ्या). एक दात म्हणजे १८ अंश. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ही चूक झाकायला त्याची बॉडी फक्त ९ अंश फिरवावी लागते. वरून बघणाऱ्याला ते काहीच वाटत नाही.

म्हणून पहिली तपासणी एकही पाना न लावता करता येते. डेल्को ज्या बोल्टने आवळलेला असतो त्याची लांबट खाच बघा. बोल्ट खाचेच्या मधल्या भागात असेल तर ठीक. खाचेच्या टोकाला जाऊन टेकला असेल तर कुणीतरी कसली तरी चूक झाकली आहे असं समजायला हरकत नाही. आमचा तर टोकाला टेकून भागला नव्हता. कुणा शहाण्याने कानस मारून खाच तीन-चार मिलिमीटर लांब केली होती! घासलेल्या कडेला अजून चमक होती.

एक पोटशंका इथेच मिटवतो. डेल्को कधी पूर्ण बाहेर काढून परत घातला असेल आणि घालताना त्याच्या गियरचा एक दात चुकला असेल, तरी बॉडी अशीच टोकाला जाते. त्या वेळी पट्टा आणि व्हॉल्व्ह निर्दोष असतात. दोन्हीतला फरक डेल्कोकडे बघून कळत नाही, त्याला टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, काढावं लागतं. तिथे येतोच.

पट्ट्यावर आळ घेण्याआधी

गाडी ओढत नाही म्हणजे टायमिंगच, असं नाही. ब्रेक धरून राहिलेत का ते चाकं हाताने फिरवून बघा. एअर फिल्टर, चोंदलेला सायलेन्सर, कार्बोरेटरच्या बुडाची गॅस्केट, ब्रेक बूस्टर असेल तर त्याची व्हॅक्यूम नळी, हे अर्ध्या तासाचं काम आहे. हल्ली कुठल्याही दुखण्याला इथेनॉल हे उत्तर मिळतं. वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं हे खरं, रबरी नळ्यांचं आयुष्यही घटतं, पण इथेनॉल काही पट्ट्याचा दात सरकवत नाही. डेल्को फिरवल्यावर महिनाभर बरी आणि मग परत आजारी, हा पेट्रोलचा आजार नव्हे.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधली फट. थंड इंजिनावर, मॅन्युअलमधल्या मापाने, फीलर गेज लावून. टॅपेट घट्ट असले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत आणि पुढची कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची, चाचणी खोटं बोलते. "कानाने सेट केलेत" असं कुणी सांगितलं तर न वाद घालता परत मोजा.

कॉम्प्रेशन घेताना इंजिन गरम हवं, तिन्ही प्लग काढलेले, कॉईलची वायर सुटी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. इथे आकड्यापेक्षा आकड्यांची ठेवण बघायची. एकच सिलिंडर कमी असेल तर त्याचा व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट. तिन्ही सारखेच कमी असतील, आणि प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकूनही आकडा फारसा वर येत नसेल, तर संशय पट्ट्यावर. कारण कॅम उशिरा असला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, पिस्टन वर यायला लागला तरी तो उघडाच असतो, आणि आत घेतलेली हवा आल्या वाटेने परत जाते. आमचे आकडे होते ११०, १०५, ११० पीएसआय. तीन म्हातारे एकाच वेळी, एकाच मापाने थकत नाहीत.

व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तम. चांगलं इंजिन समुद्रसपाटीला आयडलिंगवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, असं सगळीकडे छापलेलं असतं. पण आपण समुद्रसपाटीला नाही. दर हजार फुटांना अंदाजे एक इंच वजा करायचा. पुणे, कराड, कोल्हापूर या पट्ट्यात उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे अठराशे फूट. तिथे १५ ते १९ हे निरोगी समजा, महाबळेश्वरला आणखी दोन-अडीच इंच कमी. काटा स्थिर पण खाली, बारा-तेराच्या घरात, असेल तर ठिणगी उशिरा, व्हॉल्व्ह उशिरा किंवा कुठूनतरी हवा शिरतेय, या तिन्हींपैकी काहीतरी एक. ठिणगी टायमिंग लाईटने बरोबर दिसते आणि हवा कुठून शिरत नाही याची खात्री केली, की उरतं एकच.

ओव्हरलॅप बघा, खुणा नंतर

आता मुख्य तपासणी. ही मला काकांनी शिकवली आणि यात एकाही पुलीच्या खुणेवर विश्वास ठेवावा लागत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक आहे, इंजिन गरम असताना तो मनात येईल तेव्हा फिरतो आणि बोटं ओळखत नाही. प्लग काढलेले, टॅपेट कव्हर उघडं. इंजिन फिरवायला क्रँकच्या मधल्या बोल्टला पाना लावू नका (का ते पुढे कळेल). गाडी सपाटीवर, टॉप गियरमध्ये टाकून हळूच पुढे ढकला. प्लग नसल्यामुळे इंजिन लोण्यासारखं फिरतं, आणि योग्य दिशेनेच फिरतं.

पट्ट्याकडचा सिलिंडर एक नंबर. त्याच्या प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची लांब नळी सोडा. स्क्रूड्रायव्हर नको, भोक तिरकं असेल तर अडकतो आणि पिस्टनला चरा पाडतो. पिस्टन अगदी वर आला की नळी बराच वेळ हलतच नाही, त्यामुळे "वर आला" हा नेमका क्षण डोळ्यांनी पकडता येत नाही. युक्ती अशी: पिस्टन वर येत असताना नळी एका ठरावीक उंचीला आली की फ्लायव्हीलवर खडूने रेघ मारा. तसंच पुढे जाऊन नळी खाली उतरताना त्याच उंचीला आली की दुसरी रेघ. दोन रेघांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन सगळ्यात वर असल्याची जागा. क्लच हाउसिंगच्या खिडकीचं रबरी बूच काढलं की फ्लायव्हील दिसतं. त्यावरची टीडीसीची खूण तुमच्या मध्याशी जुळली तर ती खूण इथून पुढे विश्वासाची.

आता एक नंबरचा पिस्टन वर, पण कॉम्प्रेशनच्या नव्हे तर एक्झॉस्टच्या शेवटी, असा आणा. त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलेला असतो आणि इनटेक उघडायला लागलेला. हाच ओव्हरलॅप. दोन्ही रॉकर किंचित दबलेले. क्रँक थोडा पुढे-मागे झाला तर तराजूच्या पारड्यांसारखे एक खाली, एक वर होतात. टीडीसीला दोन्ही साधारण सारखे दबलेले दिसले तर पट्टा जागेवर. पिस्टन वर पोचला तरी इनटेक हललाच नाही आणि एक्झॉस्ट अजून बराच उघडा, तर कॅम मागे. इनटेक चांगला उघडा आणि एक्झॉस्ट कधीच मिटलेला, तर कॅम पुढे. कॅम पुढे असला की इंजिन खालच्या वेगाला बरं ओढतं, वर गेलं की गुदमरतं, आणि कार्बोरेटरमधून फुसकारे टाकतं. आमचा मागे होता, चांगला एक दात.

डेल्को टोकाला पण ओव्हरलॅप बरोबर, तर डेल्कोच्या गियरचा दात चुकलेला. पट्ट्याला हात लावू नका. डेल्को काढा, परत नीट घाला, सुटलात.

कव्हर काढल्यावर

आता जे सापडलं ते, शोधलं त्या क्रमाने नाही, घडलं त्या क्रमाने सांगतो.

पहिल्या गॅरेजने पट्टा एक दात मागे बसवला. हे का होतं, तर क्रँकची खूण बाहेरच्या व्ही-बेल्टच्या पुलीवर बघतात, आतल्या टायमिंग पुलीवर नाही. आत टायमिंग पुलीवर टोचलेली खूण आहे आणि समोर ऑईल पंपाच्या केसवर बाण. वर कॅमच्या पुलीची खूण आणि मागच्या कव्हरवरची खूण. या दोन जोड्या जुळवायच्या. काही पुल्यांवर एकापेक्षा जास्त खुणा असतात, तेव्हा जुना पट्टा काढण्याआधीच जुन्या जुळणीचा मोबाईलवर फोटो घ्या. फोटोतली जुळणी बरोबर आहे असं समजू नका, फक्त काय होतं ते आठवायला.

आणि खुणा जुळवल्यावरही कॅम एका जागी राहत नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंग त्याला ढकलत असतात. पट्टा चढवताना "टक्" करून कॅम हातभर मागे जातो, माणूस पट्टा ओढून कसाबसा चढवतो, आणि दात चुकतो. त्यावर मॅन्युअलमध्ये साधा उपाय आहे: पट्टा बसवण्याआधी सगळ्या टॅपेटचे अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल करा, म्हणजे कॅम मोकळा फिरतो. तिघांपैकी एकानेही हे केलं नव्हतं. नंतर सहा टॅपेट परत लावत बसायचे, तासभर जातो, आणि त्या तासाचे पैसे कुणी देत नाही.

दुसऱ्या गॅरेजने दात बरोबर लावला होता. ते मान्य करायला हवं. पण पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग जागेवर नव्हतीच, बहुधा हरवली. त्याने स्क्रूड्रायव्हरने टेन्शनर रेटून धरला आणि बोल्ट आवळला. ही स्प्रिंग पट्ट्याला ठरलेला ताण देण्यासाठी असते. ती असली तरी टॅपेट सैल न करता ताण दिला तर कॅमचा अडथळा तो ताण खाऊन टाकतो आणि पट्टा आपल्याला घट्ट वाटतो, असतो सैल. शिवाय क्रँकचं पुढचं ऑईल सील गळत होतं. जुना पट्टा ऑईलने माखलेला होता म्हणून याने नवा मागवला होता, हे बिलावर आहे. सील मात्र तेच ठेवलं. म्हणजे नव्या पट्ट्याला पहिल्या दिवसापासून तेलाचा अभिषेक. चार महिन्यांनी एका थंड सकाळी इंजिन बंद होताना उलटा झटका बसला आणि पट्टा दात ओलांडून बसला. ते टोइंग, तो रविवार, जाऊ दे.

सीलबद्दल अजून एक. नवं सील घालूनही तीन-चार महिन्यांत गळायला लागलं तर सीलला शिव्या देण्याआधी क्रँककेसचा श्वास बघा. पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरची नळी काजळीने बंद असेल तर आतला दाब सगळ्यात कमकुवत जागेतून बाहेर पडतो, आणि ती जागा म्हणजे सील. आमची नळी काडी घालून साफ करावी लागली. आणि तेल प्यालेला पट्टा रॉकेलने धुऊन परत बसवणारे लोक अजून आहेत. रबर फुगलेलं असतं, धुतल्याने ते परत येत नाही.

तिसऱ्या गॅरेजने सगळं नवं घातलं. पट्टा, टेन्शनर, स्प्रिंग, सील. बिल पाहून वडील दिवसभर बोलले नाहीत. गाडी झकास चालली. पाच आठवडे.

हे कोडं मला सुटत नव्हतं. कव्हर काढून बघितलं तर दोन्ही खुणा तंतोतंत जुळलेल्या, पट्ट्याचा ताण व्यवस्थित, एक थेंब तेल नाही. आणि ओव्हरलॅप चुकलेला! मी तीनदा टीडीसी मोजला. काका स्टुलावरून म्हणाले, "अरे, खुणा पुलीवर असतात. क्रँकवर नसतात."

मग त्यांनी खिडकीतून फ्लायव्हीलच्या दातात अडकण घालून फ्लायव्हील पक्कं धरायला सांगितलं आणि पट्टा काढून टायमिंग पुली हाताने डावी-उजवी हलवली. फ्लायव्हील पक्कं म्हणजे क्रँक पक्का. पुली मात्र हलत होती, दात ओलांडण्याइतकी. मधला बोल्ट उघडायला लांब दांडा लागायला हवा होता, तो साध्या रिंग पान्याने सुटला. पुली काढली तर आतली, पुली क्रँकवर कुठे बसायची ते ठरवणारी अर्धचंद्राची चावी अर्धी झिजून पाचरीसारखी झालेली, पुलीची खाच रुंदावलेली, आणि क्रँकच्या खाचेची एक कडही दबलेली.

झालं असं असणार: तीनदा पुली काढली, तीनदा बसवली, आणि मधला बोल्ट दरवेळी "हाताने कच्चून" आवळला. टॉर्क पाना कुणी लावला नाही. पुलीला खरं धरून ठेवतो तो बोल्टचा दाब, चावी फक्त जागा दाखवते. बोल्ट सैल पडला की सगळा मार चावीवर येतो. प्रत्येक ठिणगीला पुली एक केसभर हलते, मग दोन केस. पट्टा पुलीवर, खुणा पुलीवर, त्यामुळे त्या आपापसात जुळलेल्याच राहतात. सरकतं ते पुली आणि क्रँकमधलं नातं. म्हणून पहिल्या दोन दुरुस्त्या बरोबर असत्या तरी गाडी परत आजारी पडलीच असती.

याची आधी मिळणारी चाहूल दोन ठिकाणी असते. टायमिंग लाईटमध्ये फ्लायव्हीलची खूण एका जागी न थांबता मागे-पुढे नाचते. डेल्कोच्या शाफ्टचा बुश झिजला तरी ती नाचते, म्हणून रोटर काढून शाफ्ट आडवा हलवून बघा. दुसरी, आयडलिंगला पट्ट्याच्या बाजूने येणारी बोदी ठकठक, जी अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर नाहीशी होते. आम्हाला एकाने ती "बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवा" म्हणून सांगितली होती. आणि मधल्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवू नका असं वर म्हटलं ते याचसाठी: फिरवताना सैल बोल्ट आवळला जातो आणि पुरावा पुसला जातो.

चावीचं काम कोल्हापूरला उद्यमनगरात केलं. ऑईल इंजिनं घडवत पिढ्या गेलेली ती वस्ती, तिथल्या टर्नरला असली चावी म्हणजे चहा येईपर्यंतचं काम. पुली नवी घेतली. क्रँकची खाच थोडीच बिघडली होती, तिची झिजलेली बाजू साफ करून त्या रुंदीची, वरून मूळ मापाची पायरीची चावी त्याने बनवून दिली. खाच याहून फाटली असेल तर क्रँक बाहेर काढण्याला पर्याय नाही. पुली क्रँकला वेल्ड करून टाका असा सल्ला मला दोघांनी दिला. मग पुढचं सील आणि ऑईल पंप आयुष्यभर विसरायचे.

परत बसवताना

क्रम सांगतो, पण मॅन्युअल शेजारी उघडं ठेवा. सील, साफ ब्रीदर, नवी चावी, पुली. मग टॅपेटचे सगळे स्क्रू सैल. टेन्शनर आणि त्याची स्प्रिंग हलकी बसवलेली, बोल्ट न आवळलेले. दोन्ही खुणा जुळवा. पट्टा चढवताना टेन्शनरच्या समोरची बाजू ताठ हवी, सगळा सैलपणा टेन्शनरकडे. उलट झालं तर ताण देताना कॅम सरकतो आणि आपण पहिल्या गॅरेजच्या जागी उभे असतो. पट्टा बोटांनी चढवा. पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने रेटलात तर आतले धागे तुटतात, ते वरून दिसत नाहीत.

आता क्रँक घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे, हाताने. कुठेही टणक अडथळा आला तर तिथेच थांबा. जोर लावून व्हॉल्व्ह वाकवू नका. दोन फेऱ्यांनी स्प्रिंगने पट्टा स्वतःच ताणून घेतलेला असतो, तेव्हा टेन्शनर आवळा. परत दोन फेरे, परत खुणा. फेरा उलटा कधीच नाही.

मधला बोल्ट: आटे साफ, वॉशर नीट, फ्लायव्हील अडकवून, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने आणा, उसना मागा, पण इथे अंदाज नको. बोल्टच्या डोक्यावरून पुलीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. उद्या बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल.

टॅपेट लावा. आणि कव्हर घालण्याआधी ओव्हरलॅप परत बघा. खुणा बघून झाल्या तरी.

ठिणगी सगळ्यात शेवटी

पॉईंटवाल्या डेल्कोत आधी गॅप, मग टायमिंग. गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर. उलट्या क्रमाने केलं तर मेहनत वाया, कारण गॅप वाढवला की टायमिंग पुढे जातं, कमी केला की मागे. पॉईंटचा फायबर (डेल्कोच्या शाफ्टवर घासणारा तुकडा) झिजत जातो तसा गॅप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं. काही गाड्यांचं "दर दोन महिन्यांनी" एवढंच असतं, पट्ट्याशी संबंध नाही. फायबरला ग्रीसचा बारीक टिपका लावा.

रोटर एक नंबरच्या टोकाकडे तोंड करून हवा, पण पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला असताना, म्हणजे एक नंबरचे दोन्ही रॉकर मोकळे असताना. एक्झॉस्टच्या टीडीसीला लावलात तर ठिणगी एक पूर्ण फेरा चुकते. गाडी चालू होत नाही, कार्बोरेटरमधून फटाके मारते, आणि घाबरून माणूस परत पट्टा उघडतो. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-२. डेल्कोची गियर केस हेडवरून काढली असेल तर बसवल्यावर तिच्यात थोडं इंजिन ऑईल ओतायला विसरू नका, गियर कोरडे फिरतात.

मग इंजिन गरम करून, डेल्कोची व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करून, टायमिंग लाईटने मॅन्युअलमधल्या अंशांना लावा. नळी परत जोडण्याआधी तिच्यातून तोंडाने ओढून बघा, डेल्कोच्या आतली प्लेट हलली पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. पडदा फाटला असेल तर सपाटीला अ‍ॅव्हरेज जातं आणि दोष पुन्हा टायमिंगवर येतो. लाईट नसलेले मेस्त्री टॉप गियरला चाळीसच्या वेगाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून टकटक ऐकतात, क्षणभर आली आणि गेली की टायमिंग बरोबर. वाईट पद्धत नाही, पण व्हॉल्व्ह टायमिंग बरोबर आहे हे सिद्ध झाल्यावरच. चुकलेला पट्टा झाकायचं सगळ्यात जुनं साधनही हीच टकटक आहे.

आमचे आकडे काम झाल्यावर: कॉम्प्रेशन १६०, १६०, १५५. व्हॅक्यूम बारावरून सतरावर. हजार किलोमीटरनंतर कव्हर उघडून पांढरी रेघ बघितली, अखंड होती. पाच हजारांनंतर परत बघितली. खंबाटकी दुसऱ्यावर चढते, चार माणसं असली तरी, आणि काटा मध्याच्या वर जात नाही.

डेल्कोची ती कानशीने वाढवलेली खाच अजून तशीच आहे. बोल्ट आता मूळ खाचेच्या मधोमध बसतो, घासलेला भाग रिकामा.